शाळासोबत्यांचा फड आणि गाण्याची मालकी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस निमंत्रण दिले तेव्हा त्यांचा कयास असा असावा की, आम्ही किमान वेतन, भविष्यनिर्वाह निधी किंवा कंत्राटी कामगार यांपैकी एखाद्या प्रश्नावर बोलू. ज्या कामात जन्म गेला त्यावरच माणसाने बोलावे, हे रास्त आहे. तरीही आम्ही विषय कळविला तो अमेरिकेतील तीन शाळासोबत्यांच्या एका गाणाऱ्या संचाचा. पत्रिका वाचून काहींना नवल वाटले असेल. परंतु थोड्याच वेळात आपल्या ध्यानात येईल की, आम्ही आपले दुकान सोडून कोठेही गेलेलो नाही. या तिघांची ३५ वर्षांची कहाणी ही मजुरीची, उचलीची आणि मालकीचीच कहाणी आहे. त्यांच्या हाती कोयता नव्हता की मांडीवर विडीचे सूप नव्हते. त्यांच्यापाशी शब्द होते, एवढाच काय तो फरक.

दुसरे कारण घराजवळचे आहे. आज संध्याकाळी सावेडीतून फेरफटका मारला तर एखाद्या गच्चीवर चार पोरे मोबाइलवर ताल लावून यमके जुळवीत बसलेली दिसतात. कोणी नागापूरच्या एम. आय. डी. सी. मधल्या कामगाराचा मुलगा, कोणी विडी वळणाऱ्या बाईचा, कोणी मास्तरांचा. एका बाकावर बसलेली ही पोरे. घरची माणसे विचारतात, "याने पोट भरणार आहे का?" प्रश्न योग्य आहे, पण आमच्यासारख्याला त्याच्या पोटातला दुसरा प्रश्न अधिक छळतो. समजा, पोट भरण्याजोगे काही निघाले, तर ते कोणाचे भरणार? आजचे व्याख्यान या दुसऱ्या प्रश्नावर आहे.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयाच्या बाकावर अधिक झाले. इंग्रजी आम्ही कोश मांडीवर घेऊन वाचतो. तेव्हा संगीताचे शास्त्र आम्ही सांगणार नाही. हिशेब मात्र सांगू.

प्रथम हे हिप हॉप म्हणजे काय ते पाहू. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या भागात १९७० च्या सुमारास फार वाईट दिवस आले होते. कारखाने उठून गेलेले, वस्तीच्या मधून मोठा हमरस्ता काढलेला, इमारती जळत असलेल्या. अशा वस्तीत ११ ऑगस्ट १९७३ रोजी सेजविक ॲव्हेन्यूवरील १५२० क्रमांकाच्या इमारतीत एक घरगुती जलसा झाला. जमैकाहून आलेल्या एका कुटुंबातील सिंडी कॅम्बेल या मुलीला शाळा उघडण्यापूर्वी नवे कपडे घ्यावयाचे होते. त्यासाठी तिने तिकीट लावले. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तबकड्या वाजविण्याचे काम तिचा १८ वर्षांचा भाऊ क्लाइव्ह याने केले. पुढे तो कूल हर्क या नावाने प्रसिद्ध झाला. गाण्यातील ज्या तुकड्यात नुसता ताल राहतो त्या तुकड्यावर नाचणारे बेभान होतात, हे त्याने हेरले होते. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तोच तुकडा लांबवू लागला. त्या तालावर कोणी यमके म्हणू लागले, आणि त्या म्हणण्याला रॅप हे नाव पडले. या कलेचा जन्मच मुळी शाळेच्या कपड्यांच्या गरजेतून झाला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

आपल्याकडे ज्याने पोवाडा ऐकला आहे त्यास हे काही परके वाटू नये. डफाचा ठेका, तुणतुण्याची एकसुरी साथ, मागे झीलकरी आणि पुढे शाहीर श्रोत्यांच्या डोळ्यांस डोळा भिडवून घटना सांगतो आहे. शेवटच्या कडव्यात तो आपले नाव गुंफतो. छापखाना आणि कायदा नसलेल्या काळात ती नाममुद्रा हाच कवीचा मालकीहक्क होता. रॅप म्हणणाराही गाण्यात आपले नाव पुन्हा पुन्हा घेतो. लोक त्याला आत्मस्तुती म्हणून नावे ठेवतात. आम्हांस ती सातबाऱ्यावरची नोंद वाटते. १९८२ च्या जानेवारीत मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या ग्रँडमास्टर फ्लॅश आणि त्याच्या साथीदारांची 'द मेसेज' ही तबकडी निघाली, आणि पडक्या वस्तीतले जिणे तिने साऱ्या अमेरिकेला ऐकविले. दोन गोष्टींचा परस्परांशी संबंध नव्हता. पण दोन्हींमागे बंद होत चाललेले कारखाने होते.

आता आपल्या तिघांकडे वळू. केल्व्हिन मर्सर, डेव्हिड जोलिकर आणि व्हिन्सेंट मेसन ही त्यांची नावे. तिघांचीही कुटुंबे न्यूयॉर्क शहरातून बाहेर पडून लाँग आयलंडवरील ॲमिटीव्हिल या गावी राहावयास गेलेली. सावेडी जशी नगर शहराच्या कडेला वाढली, तसे ते शहराच्या कडेचे गाव. तेथील हायस्कुलात या तिघांची गट्टी जमली आणि १९८८ साली त्यांनी संच उभा केला. नाव ठेवले 'दे ला सोल'. आत्म्यातून आलेले, असा काहीसा त्याचा अर्थ. शाळकरी पोरांचा खोडकरपणा त्यांनी टोपणनावांतही सोडला नाही. जोलिकरला दही आवडे, म्हणून इंग्रजीतील 'योगर्ट' हा शब्द उलटा करून तो 'ट्रुगॉय' झाला. मर्सरनेही आपले जुने टोपणनाव उलटे करून 'पॉस्डन्यूओस' हे नाव घेतले. मेसन 'मेसिओ' झाला.

त्याच गावचा पॉल ह्यूस्टन नावाचा तरुण वयाने थोडा मोठा होता आणि एका नावाजलेल्या संचात तबकड्या वाजवीत असे. त्याने या पोरांचे कच्चे मुद्रण ऐकले, त्यांना हाताशी धरले, आणि न्यूयॉर्कच्या टॉमी बॉय या कंपनीने त्यांचे गाणे घेतले. ३ मार्च १९८९ रोजी 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' हा त्यांचा पहिला अल्बम निघाला तेव्हा तिघेही विशीच्या आसपास होते. त्यातील 'मी मायसेल्फ अँड आय' हे गाणे अमेरिकेच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्या काळी या कलेत दरारा, सोन्याच्या साखळ्या आणि दमदाटीची भाषा यांना भाव होता. ही पोरे मात्र विनोद करीत होती, प्रश्नमंजूषेचा खेळ मांडीत होती, फुलाफुलांचे कपडे घालीत होती. रॅप म्हणजे असेही असू शकते, हे लोकांना प्रथमच कळले.

त्यांच्या गाण्याची घडण कशी होती, ते समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सारे रामायण त्यातून घडले. आपल्या घरची म्हातारी जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे, परकरांचे तुकडे जमवून गोधडी शिवते. तशी या मुलांनी गाण्यांची गोधडी शिवली. कोठल्या जुन्या तबकडीतला दोन क्षणांचा ताल, कोठली शीळ, कोठला बासरीसारखा सूर, फ्रेंच भाषा शिकविणाऱ्या तबकडीतले एखादे वाक्य, असे तुकडे जोडून त्यांवर त्यांनी आपले शब्द घातले. या पद्धतीला सॅम्पलिंग म्हणतात. शिवण त्यांची, नक्षी त्यांची, मेहनत त्यांची; कापड मात्र दुसऱ्याचे.

त्या अल्बमात मिनिटभराचा एक तुकडा होता. त्यात 'द टर्टल्स' या जुन्या संचाच्या १९६८ सालच्या एका गाण्याचे सूर घेतले होते. त्या संचाचे हॉवर्ड केलन आणि मार्क व्होल्मन यांनी दावा लावला. पुढे तडजोड झाली, पैसे द्यावे लागले, आणि साऱ्या धंद्यात घबराट पसरली. १९९१ च्या डिसेंबरात दुसऱ्या एका रॅपकाराविरुद्ध न्यूयॉर्कच्या न्यायालयाचा निकाल लागला. न्यायाधीशांनी त्याचा आरंभच चोरी न करण्याच्या बायबलातील आज्ञेने केला. तेव्हापासून प्रत्येक तुकड्याचा परवाना काढल्यावाचून तबकडी काढणे धोक्याचे झाले.

येथे आपल्याला घाईने निकाल देऊन चालणार नाही. हे केलन आणि व्होल्मन कोण होते? तेही शाळासोबतीच! लॉस एंजेलिसच्या एका हायस्कुलाच्या गायकवृंदात त्यांची ओळख झाली, आणि १९६७ साली त्यांचे 'हॅपी टुगेदर' हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले. पण १९७० साली संच मोडला तेव्हा कंपनीशी केलेल्या करारामुळे त्यांना संचाचे नाव वापरता येईना. इतकेच काय, आईबापांनी ठेवलेल्या स्वतःच्या नावांनीही गाता येईना. म्हणून ते 'फ्लो आणि एडी' अशी टोपणनावे घेऊन गात फिरले. पुढे कंपनी बुडाल्यावर त्यांनी आपली मूळ मुद्रणे खटपट करून मिळविली. अशा माणसाला आपल्या सुराचा तुकडा दुसऱ्याच्या तबकडीत ऐकू आला तर तो गप्प कसा बसेल? त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आणि गोधडी शिवणाऱ्या पोरांनाही आम्ही चोर म्हणणार नाही, कारण त्यांनी जे उभे केले ते कोणत्याही एका लुगड्यात नव्हते. एका शाळेतले दोन सोबती आणि दुसऱ्या शाळेतले तीन, असे दोन्हीकडचे राबणारे हात न्यायालयात समोरासमोर उभे राहिले. परवाने मिळविणे हे वास्तविक कंपनीच्या कचेरीतले काम. विशीतल्या पोरांचे नव्हे. कामगार चळवळीत आम्ही हा देखावा पुष्कळदा पाहिला आहे. कायम कामगार आणि कंत्राटी कामगार फाटकाशी एकमेकांच्या उरावर बसतात, आणि ज्याच्या वहीत दोघांचाही हिशेब लिहिलेला असतो तो आत खुर्चीवर बसलेला असतो.

ही वही कशी असते? ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या पाथर्डी-शेवगावच्या माणसाला हे समजावयास वेळ लागणार नाही. तबकडी काढणारी कंपनी गायकाला आगाऊ रक्कम देते. ही उचल. मुद्रणाचा, जाहिरातीचा, चित्रफितीचा खर्चही पुष्कळदा त्याच्याच नावे लिहिला जातो. मग विक्रीतून गायकाचा जो लहानसा वाटा निघतो त्यातून आधी ही उचल वळती होते, आणि मग उरले तर त्याच्या हाती पडते. मुकादमाच्या वहीतही असेच असते. पण एक मोठा फरक आहे. ऊसतोड्याची उचल फिटली तर निदान कोयता त्याचा राहतो. येथे उचल फिटली तरी मूळ मुद्रण कंपनीचेच राहते. आमच्या विडी वळणाऱ्या बायका आणखी एक उदाहरण देतील. वळून आणलेल्या विड्यांतून तपासनीस 'छाट' काढतो. त्या विडीची मजुरी मिळत नाही, आणि विडीही परत मिळत नाही. श्रम गेले आणि मालही गेला. गाण्याच्या धंद्यात अख्ख्या आयुष्याच्या कामाची अशी छाट होऊ शकते.

'दे ला सोल' त्या वेळी गप्प बसले नाहीत, हे त्यांच्या धारिष्ट्याचे. पहिल्या अल्बमवरील फुलांमुळे लोकांनी त्यांना फुलवाले म्हणून छाप मारली होती आणि तोच माल बाजारात खपत होता. १९९१ साली त्यांनी दुसऱ्या अल्बमचे नाव 'दे ला सोल इज डेड' ठेवले आणि वेष्टणावर फुटकी, कलंडलेली फुलांची कुंडी छापली. विडीच्या कट्ट्यावर कोणते लेबल लावावयाचे ते विडी वळणारीला कोणी विचारीत नाही. या तिघांनी आपले लेबल आपण फाडून टाकले. त्यानंतर १९९३, १९९६, २०००, २००१, २००४ असे त्यांचे अल्बम निघत राहिले. १९९६ च्या 'स्टेक्स इज हाय' मध्ये त्यांनी आपल्याच कलेच्या बाजारीकरणावर कोरडे ओढले. २००५ साली 'गोरिलाझ' या इंग्रज संचाबरोबर गायिलेले 'फील गुड इंक' जगभर गाजले व पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी पारितोषिक मिळाले. या काळात कितीतरी संच फुटले. हे तिघे तिघेच राहिले.

पण जग बदलत होते. तबकडी गेली, कॅसेट गेली, सीडीही जाऊ लागली, आणि गाणे तारेवरून थेट मोबाइलमध्ये येऊ लागले. तेव्हा जुन्या कागदांची वाळवी बाहेर पडली. १९८० च्या दशकात तुकड्यांचे जे परवाने काढले होते त्यांत तबकडी आणि कॅसेट यांची नावे होती; पुढे निघणाऱ्या साधनांचा उल्लेख नव्हता. एकेका गाण्यात अनेक तुकडे, प्रत्येक तुकड्याचा धनी वेगळा. इतके परवाने पुन्हा काढण्याचा खर्च करावयास कोणी पुढे येईना. परिणाम असा झाला की, ज्या गाण्यांनी एका पिढीला वळण लावले ती गाणी नव्या पिढीला विकतही मिळेनात. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१० च्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत त्यांचा पहिला अल्बम जतन करण्याजोगा ठेवा म्हणून नोंदविला. म्हणजे राष्ट्राच्या तिजोरीत जागा मिळाली, पण बाजारात गाळा मिळाला नाही. ज्यांनी गाणी रचली त्यांना ती आपल्याच मुलांना सरळ मार्गाने ऐकविता येत नव्हती. एका करारातील न लिहिलेली ओळ किती वर्षे माणसाला छळू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण आमच्या वाचनात नाही.

यावर त्यांनी तीन गोष्टी केल्या. त्या आम्ही ओळीने सांगतो, कारण संप कसा चालवावा याचा त्यात धडा आहे.

पहिली गोष्ट, १४ फेब्रुवारी २०१४ रोजी त्यांनी आपली जुनी गाणी २५ तासांपुरती श्रोत्यांना फुकट देऊन टाकली. बाजार मिळू देत नाही, तर आम्हीच वाटतो, असा हा सत्याग्रह होता.

दुसरी गोष्ट, २०१५ साली त्यांनी नव्या अल्बमसाठी कोणत्याही कंपनीची उचल घेतली नाही. थेट चाहत्यांपुढे झोळी पसरली. ११ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ६ लाख डॉलरांहून अधिक वर्गणी जमविली. त्या पैशाने त्यांनी वादक बसवून शेकडो तास नवे वादन मुद्रित करून घेतले, आणि मग त्या आपल्याच वादनाचे तुकडे कापून त्यांची गोधडी शिवली. कापडही आपले आणि शिवणही आपली! २०१६ साली निघालेल्या या अल्बमला ग्रॅमीचे नामांकन मिळाले. हातमाग सहकारी करण्याचा जो विचार आपल्याकडे जुना आहे, तोच हा.

तिसरी गोष्ट सर्वांत कठीण. २०१९ साली त्यांच्या जुन्या कंपनीने ती गाणी मोबाइलवर आणण्याची तयारी केली. तेव्हा संचाने चाहत्यांना जाहीर सांगितले की, देऊ केलेल्या वाटणीत कंपनीला ९० टक्के आणि आम्हांला १० टक्के मिळणार आहेत; शिवाय कंपनीच्या वहीत आमच्या नावावर अजून मोठे देणे दाखविलेले आहे. वाटाघाटी फिसकटल्या. चाहत्यांनी गाणी ऐकू नयेत, असे आवाहन खुद्द गाणाऱ्यांनी केले! गाणे हेच ज्याचे जगणे, त्याने आपले गाणे ऐकू नका म्हणणे, याला आमच्या भाषेत हत्यार खाली ठेवणे म्हणतात. गाजलेल्या गायकांनी त्यांची बाजू घेतली, आणि तो बेत पुढे ढकलावा लागला.

अखेर २०२१ च्या जूनमध्ये रिझर्व्हॉयर या दुसऱ्या कंपनीने टॉमी बॉय १० कोटी डॉलरांना विकत घेतली आणि या तिघांशी नव्याने बोलणी केली. मूळ मुद्रणांचा हक्क संचाकडे आला. तुकड्यांचे परवाने एकेक करून काढले गेले. काही जागी नवे वादन घालावे लागले. ३ मार्च २०२३ ही तारीख ठरली. पहिल्या अल्बमला त्या दिवशी बरोबर ३४ वर्षे होत होती. आणि १२ फेब्रुवारी २०२३ रोजी, त्या तारखेच्या १९ दिवस आधी, डेव्हिड जोलिकर वारला. वय ५४. हृदयाच्या दुखण्याने तो काही वर्षे आजारी होता.

उरलेल्या दोघांनी ठरल्या दिवशी गाणी प्रसिद्ध केली. २०२५ च्या नोव्हेंबरात त्यांनी नवा अल्बम काढला, आणि त्यात गेलेल्या मित्राचा आवाजही ठेवला. निवृत्तिवेतनाचा निकाल लागतो आणि कामगार त्याच महिन्यात गेलेला असतो, ही गोष्ट आमच्या कचेरीला नवी नाही. तरीही ही हकिगत वाचली त्या रात्री आम्हांस बराच वेळ झोप लागली नाही.

आता आपल्या भूमीवर येऊ. मित्रांनी मिळून फड उभा करणे ही आपल्याकडे काही कालची गोष्ट नव्हे. होनाजी बाळा हे पुष्कळांस एकाच माणसाचे नाव वाटते. वस्तुतः होनाजी शिलारखाने कवने रची आणि बाळा करंजकर ती गाई. रचणारा आणि गाणारा या दोघांचीही नावे फडाने एकत्र ठेवली. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. तेही तिघेच. ते शाळासोबती नव्हते. अण्णा भाऊंचा शाळेशी संबंध जेमतेम दीड दिवसाचा सांगतात. त्यांची शाळा म्हणजे गिरणी, चाळ आणि मोर्चा. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांच्या डफाने मैदाने भरविली. पण अण्णा भाऊ १९६९ साली गेले तेव्हा त्यांच्या घरची स्थिती काय होती, हे आपण जाणता. त्यांच्या शब्दांवर सभा उभ्या राहिल्या, पुस्तके खपली, चित्रपट निघाले. त्यांच्या चुलीचा मात्र हिशेब कोणी ठेवला नाही. चळवळीतल्या आम्ही सर्वांनी याचा विचार केला पाहिजे. गाणे लोकांचे असते हे खरे. पण गाणाराही लोकांपैकीच एक असतो.

आणि आजची मुले? २०१९ साली 'गली बॉय' हा चित्रपट आला आणि मुंबईच्या कुर्ला-धारावीतील ही कला घरोघर माहीत झाली. त्याच मुंबईत 'स्वदेशी' नावाचा संच मराठी, हिंदी, गुजराती अशा अनेक भाषांतून गातो. २०१९ साली आरे वसाहतीतील झाडे तोडण्याचा प्रश्न पेटला, तेव्हा त्यांनी तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे केले. कलापथकाचे काम याहून वेगळे काय होते? त्यांच्यातील 'तोडफोड' या नावाने गुजरातीत गाणारा धर्मेश परमार २०२२ च्या मार्चमध्ये अवघ्या २४ व्या वर्षी गेला. या मुलांना दम भरण्यापेक्षा त्यांच्या पाठीशी कागद घेऊन उभे राहणारी वडील माणसे पाहिजेत.

कायद्याने आपल्याकडे थोडी सोय केलेली आहे. २०१२ साली आपल्या संसदेने स्वामित्वहक्काच्या कायद्यात दुरुस्ती केली. चित्रपटातील किंवा ध्वनिमुद्रणातील गाण्याचा कवी व संगीतकार यांचा मानधनाचा समान वाटा आता कोणालाही लिहून घेता येत नाही. तो वारसाला किंवा कलावंतांच्या हक्कसंस्थेलाच देता येतो. करारात "मी हा हक्क सोडला" असे लिहून घेतले तरी ते टिकत नाही. किमान वेतनाचा कायदा असाच आहे. कामगाराने कमी पगाराला संमती दिली तरी मालक सुटत नाही. ज्याला गरज आहे त्याची संमती ही खरी संमती नव्हे, हे तत्त्व त्यामागे आहे. मात्र ज्याला कायदा ठाऊक नाही त्याच्या बाबतीत कायदा पुस्तकातच राहतो.

म्हणून गच्चीवर यमके जुळविणाऱ्या मुलांना, आणि त्यांच्याहून अधिक त्यांच्या आईबापांना, आम्ही चार गोष्टी सांगू. पहिली, गाणे बाहेर पडण्यापूर्वी वहीत लिहून ठेवा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, ताल कोणी बांधला, आणि खाली सर्वांच्या सह्या घ्या. मैत्री दाट असते तेव्हाच हे लिहावयाचे असते. भांडण झाल्यावर कोणाचाच हात लिहिता राहत नाही. दुसरी, उचल घेतलीत तर ती कशातून फिटणार आणि फिटल्यावर मूळ मुद्रण कोणाकडे येणार, हे कागदावर आणा. तिसरी, "पुढे निघणाऱ्या सर्व साधनांतून" असे शब्द दिसले की थांबा, आणि ते साफ गाळलेले दिसले तरी थांबा. पहिल्याने हक्क कायमचा जातो, दुसऱ्याने गाणे कुलपात पडते. चौथी, दुसऱ्याच्या लुगड्याचा तुकडा घ्यावयाचा असेल तर त्याला आधी विचारा. ज्याला आपल्या श्रमाची किंमत हवी त्याने दुसऱ्याच्या श्रमाची किंमत दिली पाहिजे. आणि सही करावयास एकट्याने कधी जाऊ नका. आमच्या संघटनेची कचेरी रोज संध्याकाळी उघडी असते. गाण्यातले आम्हांस फारसे कळत नाही, परंतु करार वाचता येतो.

ॲमिटीव्हिलच्या तिघांना आपला हक्क मिळावयास ३४ वर्षे लागली, आणि तो मिळाला तेव्हा तिघांपैकी दोघेच उरले होते. तरी तो मिळाला याचे कारण आम्हांस एकच दिसते. वर्गात एका बाकावर बसलेली ती पोरे शेवटपर्यंत एका बाकावर बसून राहिली; कंपनीला त्यांतल्या एकाला वेगळे काढून त्याच्याशी सौदा करता आला नाही. नगरच्या विडी कामगार बाया ज्या दिवशी एकेकटीने तपासनिसापुढे उभे राहण्याचे सोडून एकत्र उभ्या राहिल्या, त्या दिवशी छाट कमी झाली, हे आम्ही आमच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

 सभेनंतर तरुण मंडळींना काही विचारावयाचे असेल तर आम्ही येथेच थांबलो आहोत. कोणी करारनामा बरोबर आणला असेल तर त्याने पहिल्याने यावे.